ज्याचा सांगावा, त्यानं न्यावा

प्रिय आबा,

फोन केला की तुम्ही स्पीकर लावता आणि गुंडूतात्यापासून शालूबाईपर्यंत सगळी गल्ली ऐकत बसते. म्हणून हे पत्र. एकट्यानंच वाचा.

परीक्षा संपली तशा खोलीतल्या मुली गावी गेल्या. कसबा बावड्याच्या या खोलीत आता दोन रिकाम्या कॉट आणि मी. दिवस दिवस कुणाशी बोलणं होत नाही. आणि तीन वर्षं शिकले काय, तर बोलायचं कसं! तुम्ही सगळ्यांना सांगता, पोरगी कंपनीत मॅडम झाली. ती मॅडम करते काय, हे मीच कधी नीट सांगितलं नाही. कॉर्पोरेट कम्युनिकेशन म्हणजे कंपनीच्या वतीनं बोलणं. पेपरला बातमी देणं, कामगारांसाठी पत्रक काढणं, काही बिघडलं तर लोकांना समजावणं. माझ्या वर्गातल्या राजनंदिनीला यातूनच पुण्यात जाहिरातीचं काम मिळालं आणि मला इथल्या कारखान्यात. तुम्ही पेढे वाटलेत. शालूबाईनं तर दोन घेतले म्हणे.

मंगळवारी मला पहिलं मोठं काम मिळालं. कारखान्याचा पॅकिंगचा विभाग बंद होणार आहे. तिथं सगळ्या बायका, बहुतेक आपल्याच राधानगरी भागातल्या. साहेब म्हणाले, आम्ही गेलो तर दंगा होईल. तू त्यांच्यातली, तुझी भाषा त्यांना आपली वाटेल, तूच जाऊन सांग.

मी हो म्हणून बाहेर आले आणि मला आज्जा आठवला. गावात कुणी वारलं की पाव्हण्यांच्या गावी सांगावा घेऊन त्याला पळायला लागायचं. उन्हात, पावसात. पायरीखाली उभं राहून सांगायचं, रडारड ऐकायची, शिव्याही खायच्या आणि पाणी मिळालं तर वरून ओंजळीत. पुढं तुमची पाळी आली तेव्हा तुम्ही चावडीवर म्हणालात, “मी न्हाय जाणार. ज्याचा सांगावा, त्यानं न्यावा की!” त्या वर्षी गावात कुणी तुम्हाला कामाला बोलावलं नाही. हे मला आईनं सांगितलं होतं. तुम्ही कधीच नाही.

दोन दिवस जेवण गेलं नाही. पगार घेते तर सांगितलेलं काम करायला नको का? आणि मी तुमच्याइतकी धीट कुठली? विचारायला खोलीत कुणी नव्हतं. शेवटी काल साहेबांना म्हणाले, निवेदन मी लिहीन, त्या बायकांसमोर उभीही राहीन. पण निर्णय तुमचा आहे, तो तुम्ही त्यांच्यासमोर तुमच्या तोंडानं सांगायचा. मी शेजारी थांबेन. साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. सोमवारी कळवतो म्हणाले.

आबा, त्यांनी नाही म्हटलं तर मंगळवारच्या दुपारच्या एसटीनं मी सामानासकट येईन. स्टँडवर कुणी ना कुणी विचारणारच. तेव्हा पोरीची नोकरी गेली म्हणू नका. सोडून आली म्हणा. आणि त्या वेळी चावडीवर तुम्ही कसे वागला होतात, ते एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय मला.

तुमचीच,
रूपाली