कारणवही

१० एप्रिल

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

लेकीची खुशाली विचारतेस आणि भावाला वाऱ्यावर सोडतेस, तरी लिहितो. तुझी नाकतोडी मजेत आहे. वर्कशॉप सुटलं की मी थेट मैदानावर जातो, तोवर आमच्या व्हॉलीबॉल क्लबच्या पोरींनी जाळी बांधून ठेवलेली असते. नाकतोडीइतकी उंच उडी त्यांच्यात कुणाचीच नाही. तेरा वर्षांची पोर, पण स्मॅश मारते तेव्हा समोरच्या मुली डोळे मिटून घेतात.

तक्रार एकच. आमच्याकडे एक कारणवही आहे. जिला उड्या चुकवायच्या, तिने तारीख टाकून कारण लिहायचं, मी शेरा मारून सही करायची. या वहीने निम्मी दुखणी परस्पर बरी झाली. पण तुझी लेक हल्ली वरचेवर 'गुडघा' लिहिते. भाची म्हणून सूट दिली तर बाकीच्यांना काय तोंड दाखवू? वाढत्या वयाचं दुखणं आहे, पट्टी बांधली की पळेल. पुढच्या महिन्यात फायनल आहे.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा

१८ एप्रिल

चि. शिट्टीमास्तरास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग हसू गेलं. शाळेच्या वेळेला पोट दुखायचं ते तुझं. माझी पोर पडली तरी धूळ झटकून उठते. ती कुरकुरते आहे म्हणजे काहीतरी आहे. तिला डॉक्टरांना दाखव, पट्ट्या पुरे झाल्या. शिवणाच्या कारखान्यात मला रजा मिळत नाही, म्हणून तुमच्या भरवशावर तिला तिथे ठेवली आहे.

भावजयीला आशीर्वाद. तुझ्यावर लोभ आहेच, पण कानही धरीन.

अक्का

२६ मे

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

फायनल जिंकलो. शेवटचा गुण नाकतोडीनेच मारला. पण खाली बसली ती तिला उठताच येईना. पट्टी सोडली तर गुडघ्याच्या वर टणक गाठ हाताला लागली.

डॉक्टरांकडे न्यायचं राहून गेलं होतं. तुझं पत्र आलं आणि त्यानंतर तिने गुडघ्याचं नावच काढलं नाही. मला वाटलं, बरी झाली. इथल्या डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे काढला आणि लगेच तुमच्याकडच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. तुझ्या भावजयीसोबत तिला पाठवतो आहे. माझा जीव थाऱ्यावर नाही.

धाकटा

४ जून

चि. भावास आशीर्वाद.

हाडाचा कॅन्सर आहे.

दुखणं नक्की कधी सुरू झालं, असं डॉक्टर विचारतात. ही म्हणते, फायनलनंतर. किती खोदून विचारलं तरी तेच उत्तर आणि भिंतीकडे तोंड. तुझ्यावर काही येऊ नये म्हणून खोटं बोलते आहे, हे आईला कळतं. तुझी ती वही पाठव. एकही पान कमी नको.

अक्का

१० जून

अक्का,

वही पाठवतो आहे. काल जाळायला काढली होती, तुझ्यापासून काय लपवू? तिकडून परतलेल्या तुझ्या भावजयीने ती हातातून हिसकावून घेतली.

पहिला 'गुडघा' चौदा फेब्रुवारीचा आहे. पुढे सतरा वेळा. प्रत्येकापुढे माझ्या लाल अक्षरात 'सबब'. तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की फायनल होईपर्यंत 'गुडघा' हे कारण चालणार नाही. हे तुला कळवलं नव्हतं. त्यानंतर ती 'आळस' लिहायला लागली. त्यापुढे मी लिहिलं आहे, 'खरं बोललीस, शाबास.' सात वेळा.

तुझ्याकडे लोभ मागायचं तोंड नाही.

धाकटा

२० सप्टेंबर

चि. भावास,

तुझी अकरा पत्रं आली, एकही फोडलं नाही. तीन महिने औषधं चढवली, तरी पाय वाचला नाही. मंगळवारी मांडीपासून काढला. फेब्रुवारीत आणली असती तर वाचला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली.

काल तिने ती मागून घेतली. नवीन पानावर तारीख टाकली आणि कारणापुढे 'आळस' लिहिलं. थट्टेने लिहिलं की अजून तुझ्या भीतीने, हे विचारायचा मला धीर झाला नाही. शेऱ्याची जागा कोरी ठेवली आहे. मामाची सही झाल्याशिवाय कारण धरत नाहीत, असं म्हणाली.

वही मी पाठवणार नाही. तू ये आणि काय लिहायचं ते तिच्यासमोर बसून लिही. तुझ्याशी बोलेन की नाही, माहीत नाही. दार उघडीन.

लोभाचं आज काही लिहवत नाही.

अक्का