धूर नसलेले निखारे

प्रिय सुनी,

"धूर सरला ना, ने आता खोलीत. धुराबिगर इस्तो काही करत नाई." निखाऱ्यांबद्दलचं आईचं हे वाक्य बावीस वर्षांनी काल पुन्हा ऐकलं, म्हणून लिहायला बसले. तुझी पल्लवी पहिल्या बाळंतपणासाठी आपल्या घरी, आरमोरीकडे येते आहे. आईने तीच खोली धुऊन ठेवली आहे. तीच! खाटेखाली निखारे ठेवायचं घमेलंसुद्धा घासून उन्हात पालथं घातलंय.

मला राग आलाय.

तू कशाने गेलीस, हे तुला तरी कळलं का? गाव म्हणालं, बाहेरचं लागलं. कोणी म्हणालं, अंगात वारा शिरला. अगं, तो वारा शिरू नये म्हणून खिडकीची फट कोणी बुजवली होती? मी. माझी हिरवी ओढणी, स्टुलावर चढून, नीट कोंबून. आईकडून शाबासकीही घेतली.

त्या दुपारी तू म्हणालीस, "बाई, डोस्कं भणभणून राह्यलं व. दार उघडतं का जरासं?"

मोठ्या बहिणीचा तोरा दाखवत मी म्हणाले, "बाळंतिणीचं डोस्कं दुखतेच. नखरे नको करू, झोप."

"बरं, मास्तरीणबाई," म्हणून तू हसलीस. आणि झोपलीस. का ऐकलंस माझं? चिंचेवर चढू नको म्हटलं की हटकून चढणारी तू, काऊन त्याच दिवशी शहाणी झालीस?

पल्लवी तेव्हा अंगणात होती. दाई तिला उन्हात तेल लावत होती, म्हणून ती उरली. आम्ही दार उघडलं तेव्हा तुझे गाल गुलाबी होते. बायका म्हणाल्या, "काय तेज आहे तोंडावर! पुण्यवान पोरगी." मीही ते इतकी वर्षं कौतुकाने सांगत राहिले. शरम वाटते.

गेल्या महिन्यात पल्लवीला घेऊन गडचिरोलीला तपासणीला गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हिची आई कशाने गेली? मी सांगितलं, गुलाबी गालांसकट. त्यांनी पेन खाली ठेवलं. "खोलीत निखारे होते?" मग समजावलं. कोंडलेल्या खोलीत निखारे जळले की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर निदान डोळे झोंबवून माणसाला बाहेर हाकलतो. हा नुसतं डोकं दुखवतो आणि झोपवतो. गालांवरचा तो गुलाबी रंगही त्याचाच.

काल हे सगळं आईला सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "माही चारही बाळंतपणं इस्तोवर झाली. मेली का मी?"

"तू नाई मेली. सुनी मेली, आई!"

सूप थांबलं. मी थांबले नाही. म्हटलं, तुझी बाळंतपणं कवेलूच्या घरात झाली. छपराच्या कौलांत जागोजागी फटी होत्या, त्यांनी तुला वाचवलं. सुनीसाठी बाबांनी हौसेने स्लॅबची खोली बांधली. तिथे एकच फट होती, ती मी बुजवली.

"मंग मीच मारली म्हण ना माह्या लेकीले!" सूप टाकून ती आत गेली. संध्याकाळी पाहते तर घमेलं पुन्हा खाटेखाली. विचारलं, तर म्हणाली, "पोरीले थंडी वाजन."

ऐक सुनी, शब्द देते. घमेलं मी गोठ्यामागे फेकून आले आहे. गवंड्याला बोलावलंय, त्या खिडकीच्या झडपा निघतील आणि जाळी बसेल. पोरीला ऊब गोधड्यांची आणि गरम पाण्याच्या पिशवीची. निखारे उंबरठ्याच्या आत येणार नाहीत. सव्वा महिना मी दारात खाट टाकून बसेन, आईने कितीही शिव्या दिल्या तरी. आणि पल्लवी डोकं दुखतं म्हणाली, तर आधी दार उघडून तिला बाहेर आणेन, मग दवाखान्यात.

आता एक मागते. माझ्यावर रागव. लहानपणी भांडण मी काढायचे आणि बोलायला आधी तू यायचीस. या वेळी येऊ नकोस. मला माफ करू नकोस.

माहीत आहे, एवढंही तू ऐकणार नाहीस.

तुझी,
बाई