गुण परत घ्या

रविवार, १६ मार्च

प्रिय धाकटे,

तुझं पत्र पोचलं. पोचून महिना होऊन गेला. उशिराचं कारण म्हणून काम सांगता आलं असतं, आणि काम होतंही. आमच्या मालकांनी दोन नवीन दवाखान्यांच्या कवळ्या अंगावर घेतल्या आणि नेमका पॉलिश करणारा माणूस आजारी पडला. पण खरं कारण ते नाही. फोनवर बोलायला तुला जमलं नाही म्हणून तू लिहिलंस. मलाही फोनवर जमलं नसतं. म्हणून लिहायला बसले आहे.

इकडे सगळं ठीक. मागच्या खोलीचं छत गळायचं, ते दुरुस्त करून घेतलं. माझा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, चढताना गप्प असतो. भिंगरीला नवे बूट घेतले. वाढत्या पायाचे म्हणून जरा मोठेच घेतले, तर म्हणते, "मावशी, मी वळले तरी बूट सरळच जातात." खाते नीट. झोपते आडवीतिडवी, माझ्या अंगावर पाय टाकून.

अभ्यासाचं तू विचारलं होतंस. तेच आधी सांगते.

या वर्षी चौथीच्या बाईंनी जादा गुणांचे प्रकल्प काढले. भाषा, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र, प्रत्येक विषयात एक. करायचे त्याने करावेत, सक्ती नाही. मुळात ज्यांचे गुण काठावर आहेत त्यांना हात द्यावा म्हणून ते होते. भिंगरीचे गुण काठावर वगैरे काही नव्हते. तिला त्याची गरज नव्हती. पण तू फोनवर तिला म्हणालीस, "चारही विषयांत जादा गुण मिळव, मग बघ, बक्षीस समारंभाला मी समोरच्या रांगेत." तू ते कोणत्या घाईत म्हणालीस मला माहीत नाही. मागे कुणीतरी हाक मारत होतं, तू काम करतेस त्या वृद्धाश्रमातली घंटा वाजत होती. तू फोन ठेवलास आणि ही कागद-पेन्सिल घेऊन बसली.

भाषेचा प्रकल्प होता एखाद्या कामाच्या ठिकाणी जाऊन, बघून, लिहिण्याचा. ती आमच्याकडे आली. मालकांनी तिला उंच स्टुलावर बसवलं. मेणात दात रोवायचं माझं काम चालू होतं. तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे दात कुणाचे?"

मी म्हटलं, "एका आजोबांचे."

"आणि ते कपाटातले?"

"ते अजून कुणाचेच नाहीत."

हे तिला फार आवडलं. निबंधाची सुरुवातच तिने तिथून केली. कवळी बसवली की माणूस पहिले काही दिवस स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा जेवतो, असं मालक तिला म्हणाले होते, तेही लिहिलं. बाईंनी वर्गात वाचून दाखवला. पूर्ण गुण.

गणिताला माहिती गोळा करून स्तंभालेख काढायचा होता. मुलांनी रस्त्यावरून जाणारी वाहनं मोजली, कुणी घरातली अंडी मोजली. भिंगरीने तुझे फोन घेतले. कोणत्या महिन्यात तू एकूण किती मिनिटं बोललीस, ते. माझ्या फोनमध्ये सगळं नोंदलेलं असतं, मला ते माहीतही नव्हतं, तिला माहीत होतं. तिने रंगीत पट्ट्या कापून चिकटवल्या. डावीकडे उंच आणि उजवीकडे येता येता बुटक्या. बाईंनी विचारलं, "या पट्ट्या लहान का होत गेल्या?" तर म्हणे, "तिकडे काम वाढतं." बाईंनी त्यालाही पूर्ण गुण दिले. आलेख बिनचूक होता.

हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. अभ्यासाचं विचारलंस, हा अभ्यास आहे.

विज्ञान आणि समाजशास्त्र राहिलं होतं. विज्ञानात काय करायचं ते ठरत नव्हतं. समाजशास्त्राचं मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. विषय असा, की घरापासून दूर जाऊन काम करणाऱ्या एका व्यक्तीची मुलाखत घ्या. ती तुझी घेणार होती, समोरासमोर. मी सुचवलं, फोनवर विचार की. तर म्हणाली, "फोनवर आई प्रश्नाआधीच उत्तर देते." बाईंकडून तिने मुदत वाढवून घेतली. आई आली की लगेच देते, म्हणाली.

मग तुझं पत्र आलं. आणखी तीन वर्षांचा करार केलास, समारंभाला येत नाहीस, सुट्टीतही नाही. करार का केलास ते तू सविस्तर लिहिलंस. ती कारणं मी वाचली. त्यातलं एकही मला खोटं वाटलं नाही. तिचा बाप तिला दात यायच्या आत निघून गेला, तेव्हापासून सगळं तुझ्यावरच आहे हे मला कुणी सांगायला नको. पण शेवटी तू लिहिलंस, "तूच सांग तिला, ताई, तुझं ती ऐकते."

ऐकते, हे खरं आहे.

मी दोन आठवडे सांगितलं नाही. मग एका सकाळी कपड्यांच्या घड्या घालत होतो, चादरीची दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे, तेव्हा सांगितलं. हात गुंतलेले असले की बरं, असं वाटलं.

"आई समारंभाला येणार नाहीये."

"सुट्टीत?"

"सुट्टीतही नाही. तिने तिकडचं काम अजून तीन वर्षं घेतलंय."

तिने चादरीचं टोक सोडलं नाही. म्हणाली, "म्हणजे मी सातवीत जाईन तेव्हा."

"हो."

"मग या गुणांचं काय करायचं?"

मी म्हटलं, टोकाला टोक जुळव. तिने जुळवलं.

रडली नाही. जेवली, खेळायला गेली. मला वाटलं, निभावलं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीत एक काचेची बाटली दिसली, आत व्हिनेगर आणि तळाशी तिचा दात. पुढचा, दिवाणावरून उडी मारताना पडलेला. तू म्हणाली होतीस ना, जपून ठेव, मी आले की बघेन. कापसात गुंडाळून तिने तो डबीत ठेवला होता. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "विज्ञान." रोज शाळेतून आली की चिमट्याने काढायची, नखाने दाबून बघायची, वहीत लिहायची. मी दात घडवणारी बाई. आंबट पदार्थात दाताचं काय होतं हे मला ठाऊक आहे. तरी रोज तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. तो बाहेर काढून पुन्हा कापसात ठेवावा, असं एकदा मनात आलं. पण दात तिचा होता. शेवटी तिने निष्कर्ष काढला की दात मऊ आणि खडूसारखा भुसभुशीत होतो, पण वाटलं होतं तेवढ्या लवकर नाहीसा होत नाही. पूर्ण गुण.

त्याच आठवड्यात बाई आमच्या कामाच्या ठिकाणी आल्या. मी हातमोजे काढून बाहेर गेले. बाई तरुण आहेत, बोलताना पर्सचा पट्टा पिळतात.

"तुमच्या मुलीबद्दल बोलायचं होतं."

"भाची."

"हो, भाची. तिने मला गुण परत दिलेत."

"म्हणजे?"

"म्हणजे टेबलाशी येऊन म्हणाली, बाई, माझे जादा गुण परत घ्या. शेजारी बसते ना तिची मैत्रीण, तिला भागाकार येत नाही, तिला द्या. मी सांगितलं, गुण असे कुणाला देता येत नाहीत. तर म्हणाली, मग खोडून टाका, मला नकोत. मी नोकरीला लागून चार वर्षं झाली. गुण मागायला मुलंही येतात, आईबापही येतात. परत करायला कुणी आलं नव्हतं."

मला हसू आलं. बाईंनाही आलं. मग त्यांनी विचारलं, "घरी काही झालंय का?" मी सांगितलं. जेवढं तू मला कळवलंस तेवढंच.

बाई शहाण्या आहेत. त्यांनी गुण खोडले नाहीत आणि तिला समजावतही बसल्या नाहीत. त्या तिला एवढंच म्हणाल्या, की गुण झालेल्या कामाचे असतात, काम झालंय, आता ते तुझ्याही हातात नाही आणि माझ्याही. समाजशास्त्राचं करायचं की नाही ते तू ठरव.

तिने चार दिवस ठरवलं. मग बाईंना विचारलं, "दूर न गेलेली व्यक्ती चालेल का?" चालेल, म्हणाल्या.

अशी माझी मुलाखत झाली. जेवणाच्या टेबलावर, संध्याकाळी. मला तिने खुर्ची ओढून दिली, पाणी ठेवलं आणि "आपण" म्हणायला लागली. आपलं वय काय, आपण हे काम कधीपासून करता, आपणास कुठे दूर जावंसं वाटलं का. मी म्हटलं, वाटलं होतं, एकदा बोलावणंही आलं होतं. मग का नाही गेलात? तेव्हा तुझे आजोबा अंथरुणाला खिळलेले होते. त्याचं आपणास वाईट वाटतं का? मी म्हटलं, कधी कधी, बहुतेक गुडघा दुखतो तेव्हा. तिने तेही लिहून घेतलं.

मग पेन्सिल खाली न ठेवता, मान वर न करता विचारलं, "आई येणार नाही हे कळल्यावर आपणास काय वाटलं?"

धाकटे, तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना का लागला, ते या प्रश्नात आहे. तू येशील आणि तिला घेऊन जाशील, असं मी दोन वर्षं धरून चालले होते. ते योग्यच झालं असतं. तिच्या सामानासाठी मी माळ्यावरची मोठी बॅग काढून पुसूनही ठेवली होती. आणि तुझं पत्र वाचलं तेव्हा, ती समोर बसून बुटांची नाडी सोडवत होती तेव्हा, मला पहिल्यांदा काय वाटलं ते मी कुणाला सांगणार नव्हते. तुला तर नाहीच.

मी म्हटलं, "आधी बरं वाटलं. मग बरं वाटलं म्हणून वाईट वाटलं."

ती "आपण" विसरली. "यातलं कुठलं लिहू?"

"दोन्ही लिही."

तिने दोन्ही लिहिलं. मग बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत बसली आणि म्हणाली, "मला फक्त वाईट वाटलं." मी म्हटलं, माहीत आहे. मग ती रडली. चांगली तासभर रडली, नाक माझ्या बाहीला पुसत.

समारंभ परवा झाला. शाळेच्या सभागृहात, लाकडी खुर्च्या, माइक मधेच शिट्टी मारणारा. मी मागच्या बाजूला बसले होते. समोरची रांग मला नको होती. चौथीत चारही विषयांचे प्रकल्प पूर्ण करणारी ती एकटीच निघाली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, पालकांनीही मंचावर यावं. मी बसूनच राहिले. मला वाटलं, दोन क्षण वाट बघतील आणि पुढचं नाव घेतील. तर ही पायऱ्या उतरली, ते मोठे बूट फटफट वाजवत अख्खं सभागृह ओलांडून माझ्यापर्यंत आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली, "ऊठ ना मावशी, रांग खोळंबलीये."

मी उठले. वर गेल्यावर मुख्याध्यापिकांनी हसून विचारलं, "आई का?"

"नाही, मावशी," तिने सांगितलं. "आई दूर असते. काम करते." आणि प्रमाणपत्र हातात घेऊन ते उलटं की सुलटं ते बघायला लागली.

इतकंच झालं. आता मला जे सांगायचं ते सांगते, आणि थोरली म्हणून सांगते, तेव्हा ऐक.

पाचवीचा प्रवेश इथेच घेतला आहे. ऑफिसात पालक कोण विचारलं, मी माझं नाव दिलं. तुला विचारून द्यायला हवं होतं. विचारलं नाही. तुझी हरकत असेल तर जरूर सांग, पण फोनवर नको आणि पत्रातही नको. इथे येऊन, तिच्यासमोर सांग. तू आलीस तर मी बॅग माळ्यावरून पुन्हा स्वतः उतरवून देईन, एवढं तू माझ्याबद्दल धरून चालायला हरकत नाही.

आणि तिला काही कबूल करू नकोस. येईन, आणीन, नेईन, यातलं काहीच नको. तिला पत्र लिही. आज काय खाल्लंस, कुठल्या आजीने तुझ्याशी भांडण काढलं, पाय दुखतात का, तेवढंच. चार ओळी लिहिल्यास तरी चालतील. ती उत्तर देईल, नाही दिलं तरी तू लिहीत राहा. ती तुझ्यावर रागावलेली आहे आणि तुझा फोन येतो तेव्हा माझ्या आधी पळते, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तुझ्यावर माझा राग नाही. असता तर हे पत्र सोपं झालं असतं.

जेवत जा. रात्रपाळीनंतर उपाशी झोपू नकोस.

तुझीच ताई,
आणि शाळेच्या दप्तरी, भिंगरीची पालक