डावा हात बोटभर बुटका

धाकट्या,

टेम्पो अकराला येईल. मी कामावर निघाले, दारात उभी राहून रडारड नको.

काल मी तावातावाने म्हणाले ना, "दोन्ही सोफे सारखेच, हवा तो उचल"? ते खोटं होतं. एक विकतचा आहे आणि एक अण्णांनी आईसाठी स्वतः बनवलेला. पाहुण्यांना फरक कळू नये म्हणून त्यांनी दोन्हींना एकाच कापडाच्या ढगळ खोळी शिवल्या. इतकी वर्षं बाहेर राहून तूही फसलास. विकतच्यावर बोट ठेवलंस आणि मी गप्प बसले.

झालर बघून ठरवू नकोस. धुतल्यावर मी कुठलीही खोळ कशावरही चढवते. वरून चाचपून बघ. विकतच्याचे दोन्ही हात सरळसोट आहेत. अण्णांच्या सोफ्याचे बाहेरून गोल, आणि डावा बोटभर बुटका. जन्मभर लोकांचे सोफे मापात बसवले आणि घरच्याचंच माप चुकलं! दुरुस्त करतो म्हणाले, तर आईने हात लावू दिला नाही. "असू दे, माझं कोपर बरोबर टेकतं तिथे." त्याच हातावर बसून तू घोडा घोडा खेळायचास आणि ओरडा मी खायचे.

तोच ने. खोळ थंड पाण्यात धू, नाहीतर आटेल.

सकाळी चहा घेऊन मी विकतच्यावर बसून बघितलं. कोपर सारखं खाली जागा शोधत होतं. होईल सवय.

ताई