दाराकडे वळवलेले स्विंग कॅमेरे पुन्हा खेळाडूकडे वळवू देण्याबाबत

प्रति,
मा. नियंत्रक,
दृश्य-नोंद साधने विभाग,
नगर कार्यालय, दुसरा मजला.

विषय: तळघरातील गोल्फ शिकवणीच्या जागेत लावलेले दोन कॅमेरे दारावरून काढून खेळाडूसमोर, कमरेच्या उंचीवर, पूर्ववत लावण्यास परवानगी मिळणेबाबत. (अर्ज तिसरा.)

संदर्भ: १) आपल्या निरीक्षकांचा तोंडी आदेश. २) त्याच आदेशाचे लेखी रूप, जे तोंडी आदेशाशी जुळत नाही. ३) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज, ज्यांना उत्तर नाही.

महोदय,

अर्जदार गेली एकोणतीस वर्षे गोल्फ शिकवतो. पहिली बावीस वर्षे उघड्या मैदानावर, आणि पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे एका बंद पडलेल्या छापखान्याच्या तळघरात. तळघरात एका टोकाला जाड कापडी पडदा आहे. त्याच्यासमोर चटई आहे. शिकणारा चटईवरून चेंडू मारतो, चेंडू पडद्याला लागून खाली पडतो, आणि मग दुसरा चेंडू मारला जातो. यापलीकडे त्या जागेत काहीही घडत नाही, हे आधीच सांगितलेले बरे, कारण आपल्या कार्यालयाची समजूत वेगळी दिसते.

मारण्याची क्रिया, म्हणजे स्विंग, टिपण्यासाठी बसवलेले दोन कॅमेरे आपल्या आदेशाने गेले सात आठवडे खेळाडूकडे पाठ फिरवून दाराकडे बघत बसले आहेत. ते पुन्हा फिरवले नाहीत तर अर्जदाराला शिकवणे बंद करावे लागेल. का, ते मुद्दा ६ मध्ये येईल. तोवर वाचण्याची तसदी घ्यावी. आधीच्या दोन अर्जांची पहिल्या पानापुढची पाने एकमेकांना चिकटलेलीच होती, असे अर्जदाराने खिडकीतून स्वतः पाहिले आहे.

१. कॅमेरे घ्यायचे ठरले तेव्हा अर्जदाराचे मेहुणे मदतीला धावून आले. मेहुण्यांचे दुकानांना देखरेखीचे कॅमेरे पुरवण्याचे काम आहे. घरचा माणूस असताना बाहेर कशाला जायचे, असे म्हणून त्यांनी घुमटासारखे दोन कॅमेरे अर्जदाराच्या गळ्यात मारले. त्यात पहिला स्विंग टिपला तेव्हा काठी केळ्यासारखी वाकलेली दिसली आणि तिचे टोक हवेत विरघळून गेलेले. मेहुण्यांना बोलावले. त्यांनी तीनदा चित्र पाहिले, मान हलवली आणि सुचवले की शिकणाऱ्यांनी जरा हळू मारावे. ते कॅमेरे आता त्यांच्याच गोदामाच्या दाराची राखण करतात आणि तिथे उत्तम चालतात, कारण गोदामाचे दार ताशी दीडशे किलोमीटर वेगाने फिरत नाही.

२. मग कॅमेरे निवडले ते अर्जदाराच्या पत्नीने. तिने तीस वर्षे रुग्णालयाच्या एक्स-रे खोलीत काढली आहेत; हलणाऱ्या वस्तूची चित्रे कशी बिघडतात याबाबत ती कोणाचे ऐकून घेत नाही. तिचे म्हणणे थोडक्यात असे होते: "पेशंटला श्वास रोखायला सांगता येतं. चेंडू मारणारा रोखणार नाही, मग रोखायचं काम कॅमेऱ्यानं करायचं." त्यानुसार अख्खे चित्र एकाच क्षणी उचलणारे कॅमेरे घेतले. ओळीओळीने उचलणाऱ्या कॅमेऱ्यात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत काठी पुढे निघून गेलेली असते, म्हणून तर ती केळे होते. सेकंदाला दोनशे चित्रे, आणि प्रत्येक चित्रासाठी कॅमेऱ्याचा डोळा सेकंदाच्या दोन हजाराव्या हिश्श्याहून जास्त उघडा राहायचा नाही, असे तिने ठरवले. एवढ्या कमी वेळात पुरेसा उजेड आत जावा म्हणून दिवे तिप्पट केले. तरी एक चित्र उजळ, एक काळवंडलेले असे येऊ लागले, कारण जुने दिवे आपल्या डोळ्यांच्या नकळत लुकलुकत असतात. तेही बदलले. भिंगे फार रुंद घेतली नाहीत. रुंद भिंगात कडेला उभा असलेला सडपातळ माणूसही पोट सुटल्यासारखा दिसतो आणि शिकवणी सोडून जातो.

३. पुढचे काम बसवण्याचे. एक कॅमेरा खेळाडूच्या मागे, चेंडू जिकडे मारायचा त्या रेषेत. दुसरा त्याच्या छातीसमोर, त्या रेषेशी काटकोनात. दोन्ही खेळाडूच्या हातांच्या उंचीवर. मागचा कॅमेरा एक वीत जरी सरकला तरी बरोबर स्विंग चुकलेला दिसतो आणि शिकवणारा नसलेली चूक दुरुस्त करत बसतो. म्हणून अर्जदार व पत्नी यांनी जमिनीवर खडूने रेषा मारून, दोरीचे एक टोक याने व एक तिने धरून, तीन दिवस मापे घेतली. त्यात दोघांचे दोनदा भांडणही झाले. शेवटी कॅमेरे भिंतीला व खांबाला बोल्टने आवळले आणि समोर जाड पारदर्शक पत्रा लावला, कारण नवशिक्याचा चेंडू कुठेही जातो. हे सारे लिहिण्याचे कारण असे की आपल्या निरीक्षकांनी ते अकरा मिनिटांत उखडायला लावले.

४. यात अर्जदाराचीही एक चूक आहे आणि ती कबूल करायला हवी. आपल्या नोंदणी फॉर्मवर कॅमेऱ्याच्या प्रयोजनासाठी तीनच चौकोन आहेत: 'सुरक्षा', 'मनोरंजन' आणि 'वैद्यकीय साहाय्य'. शिकवणे हा प्रकार आपल्या कार्यालयाच्या ऐकिवात नसावा. 'मनोरंजन'वर खूण करायला अर्जदाराचा हात धजावला नाही. एकोणतीस वर्षांत अर्जदाराकडे आलेल्या एकाही माणसाचे मनोरंजन झालेले नाही, आणि त्याचा अर्जदाराला अभिमान आहे. त्या अभिमानापायी त्याने 'सुरक्षा'वर खूण केली. पाच आठवड्यांनी आपले निरीक्षक दारात उभे राहिले.

५. निरीक्षक साहेबांनी आत आल्यावर चटईकडे पाहिले नाही, पडद्याकडे पाहिले नाही, छताचे चारही कोपरे मात्र पाहिले. मग खाली वाकून कॅमेऱ्यांकडे पाहिले आणि म्हणाले, "चोर काय कमरेएवढ्या उंचीचा असतो?" इथे चोरायला चेंडूंखेरीज काही नाही आणि चेंडूंची अवस्था पाहता ते कोणी नेले तर उपकारच होतील, असे अर्जदाराने सांगितले. ते त्यांनी लिहून घेतले नाही. त्यांचा आदेश असा झाला की सुरक्षेचे कॅमेरे नऊ फुटांवर हवेत, दाराकडे तोंड करून हवेत, आणि अखंड चालू हवेत. शिवाय 'आपले चित्रीकरण होत आहे' ही सूचना लोकांची नजर जिथे सर्वाधिक जाते तिथे लावावी. इथे लोक सर्वाधिक कुठे पाहतात, असे त्यांनी विचारले. अर्जदाराने भाबडेपणाने खरे ते सांगितले. सूचना पडद्याच्या मधोमध, नेमाच्या जागी चिकटवण्यात आली. ती चार चेंडूंत फाटली. दुसरी लावली, तीही फाटली. महिन्याभरात सहा सूचना फाटल्यावर आपल्या कार्यालयाकडून विचारणा आली की सरकारी सूचनेवर वारंवार हल्ला कोण करत आहे. त्याचे उत्तर असे की शिकणारे करत आहेत, आणि महिन्यापूर्वीपेक्षा आता जास्त अचूकपणे करत आहेत.

दरम्यान दोन्ही कॅमेरे सेकंदाला दोनशे चित्रांच्या वेगाने दार टिपत आहेत. दार बंद असते. साठवणीचा डबा चाळीस मिनिटांत भरतो, मग तो रिकामा करावा लागतो, मग पुन्हा दार. पोस्टमन पत्र टाकून गेला तो प्रसंग हळू गतीने पाहिला तर सहा मिनिटे चालतो. त्याचे मनगट उत्तम आहे. तेवढाच काय तो सात आठवड्यांचा लाभ.

६. आता मूळ कारण. अर्जदार गेल्या महिन्यात खिडकी क्रमांक चारवर तिसऱ्यांदा उभा राहिला. खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म पाहिला, अर्जदाराचे सगळे गाऱ्हाणे ऐकून घेतले, जे या इमारतीत दुसऱ्या कोणी केले नाही, आणि म्हणाल्या, "सुरक्षा नाही म्हणता, मनोरंजन नाही म्हणता. मग वैद्यकीयच उरतं. त्याला उंचीची अट नाही. तुम्हाला काही आहे का?"

मागच्या माणसाने दोनदा खाकरले. मग अर्जदाराने हो म्हटले.

अर्जदाराला समोरचे नीट दिसत नाही. हा त्रास चौदा महिन्यांपूर्वी सुरू झाला. नजरेच्या कडा शाबूत आहेत, मधोमध मात्र धुरकट डाग आहे, आणि ज्याच्याकडे पाहावे नेमके तेच त्या डागात जाते. चेंडू जातो, काठीचे टोक जाते, शिकणाऱ्याची बोटे जातात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की हे सावकाश वाढेल आणि या प्रकाराला उपाय नाही. अर्जदाराने त्यांचे आभार मानले, कागद घडी करून खिशात ठेवला आणि संध्याकाळची शिकवणी घेतली. कॅमेऱ्याचे चित्र मोठ्या पडद्यावर थांबवून, खुर्ची अगदी जवळ ओढून, जरा तिरके पाहिले की त्याला सगळे दिसते. हातात घेतलेली काठी दिसत नाही, पण पडद्यावरची दिसते. कॅमेऱ्याला विरोध करणारा आणि ज्याला डोळे नाहीत त्यानेच ते यंत्र घ्यावे असे वर्षानुवर्षे शिष्यांना ऐकवणारा माणूस तो हाच, याचीही नोंद घ्यावी.

७. कॅमेरे येण्याआधीचे महिने अर्जदाराने कसे काढले, हे सांगण्यासारखे नाही, पण आपल्या नियमात 'संपूर्ण व सत्य माहिती' असे शब्द आहेत. तो कानांवर शिकवत होता. चेंडूचा आवाज ऐकून "मनगट लवकर सुटलं" असे सांगायचा. दहातल्या आठ जणांचे मनगट लवकर सुटतेच, त्यामुळे वाहवा व्हायची. मास्तर डोळे मिटूनही चूक ओळखतात, असे लोक एकमेकांना सांगू लागले होते. उरलेल्या दोघांत एक दंतवैद्य बाई होत्या. त्यांचे मनगट ठीक होते, चूक पाय रोवण्यात होती. अर्जदाराने त्यांना दोन महिने पकड बदलायला लावली. त्यांचे उजवे मनगट सुजले आणि तीन आठवडे त्यांना दवाखाना निम्माच वेळ चालवावा लागला. कॅमेरे लागल्यावर पहिल्याच दिवशी खरी चूक एका चित्रात दिसली. बाई म्हणाल्या, होतं असं कधीकधी, आणि परत यायला लागल्या. अर्जदाराला मात्र त्या गोष्टीची लाज वाटते, अजूनही वाटते, आणि पुन्हा कोणाचे मनगट सुजवण्यापेक्षा तो तळघराला कुलूप लावील. ते कुलूप लागेल की नाही हे आता आपल्या सहीवर आहे.

८. 'वैद्यकीय साहाय्य' या चौकोनासाठी डॉक्टरांचा दाखला आणि घरातील एका सज्ञान व्यक्तीची साक्ष लागते. दाखला जोडला आहे. साक्षीदार म्हणून अर्जदाराला पत्नीखेरीज कोणी नाही. मेहुण्यांना सांगणे म्हणजे दवंडी पिटणे. अडचण अशी की पत्नीला हे अद्याप माहीत नाही. अर्जदाराने चौदा महिने तिला ताकास तूर लागू दिलेली नाही. केवळ शेवटचे पान पुढे करून सही घेण्याचा त्याचा विचार होता. परंतु साक्षीदाराने संपूर्ण अर्ज वाचून आपला शेरा स्वहस्ते लिहावा, असा आपला नियम आहे. आपल्या कार्यालयाचा एवढा एकच नियम अर्जदाराला आजवर नेमका लागू पडला आहे, आणि तो नेमका हाच असावा, हे अर्जदाराचे नशीब.

९. तरी विनंती की नोंदणी 'सुरक्षा'तून काढून 'वैद्यकीय साहाय्य'मध्ये घ्यावी; कॅमेरे मूळ जागी, हातांच्या उंचीवर लावण्यास लेखी परवानगी द्यावी; नेमावरची सूचना हलवू द्यावी; आणि पुन्हा निरीक्षक पाठवायचे झाल्यास ते चेंडू मारणाऱ्याच्या बाजूने नव्हे, पाठीमागून आत येतील असे पाहावे, कारण चेंडू हुद्दा ओळखत नाही.

अर्जदार दया मागत नाही. त्याला फक्त दार बघणे पुरे झाले आहे.

परवानगीची वाट पाहणारा व तोवर आपल्या आदेशानुसार बंद दार टिपत राहणारा,

(सही)
अर्जदार, गोल्फ शिक्षक

दिनांक १४, मंगळवार

सोबत:
१) डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला, घड्या पडलेला.
२) जमिनीवरील मापांचा आराखडा, पत्नीच्या अक्षरात.
३) सरकारी सूचनेचे तुकडे, एका पाकिटात.
४) बंद दाराचे छायाचित्र, एक. बाकीची हुबेहूब अशीच असल्याने जोडलेली नाहीत.

साक्षीदाराचा शेरा (स्वहस्ते):

संपूर्ण अर्ज वाचला. मुद्दा ६ मध्ये चौदा महिने लिहिले आहे, ते चूक आहे. तीन वर्षे झाली. बाकी मजकूर खरा आहे. तेव्हापासून तळघराचा जिना उतरताना मी यांच्या एक पायरी पुढे असते. यांना वाटते, मला घाई असते.

(सही)
अर्जदाराची पत्नी