नुसती कसर

पुणे, मार्च २००६

प्रिय प्रतिभा,

दोनदा फोन लावला आणि ठेवून दिला, म्हणून लिहितोय. आई आपल्याच वॉर्डात आहे. हृदयाच्या झडपेवर जंतूंनी बिऱ्हाड केलंय. तू घाबरू नकोस असं लिहिणार होतो, पण मीच पुरता घाबरलोय.

परवा तिला तपासायला नवी डॉक्टर श्रेया आली. पहिलाच प्रश्न, "आजी, अंगात कसर असते का?" आई म्हणाली, "असती की! लई दिस झालं." आणि मला एकदम सत्त्याण्णव साल आठवलं. घाटघरच्या साळुबाई! बिचाऱ्या एका विभागातून दुसऱ्यात फिरत होत्या आणि प्रत्येक कागदावर शेरा होता, ताप नाही. तू लॅबची डॉक्टर, स्वतः रक्त घ्यायला आलीस आणि सहज विचारलंस, "आणि कसर?" "ती तर रोजचीच हाय. पन ताप न्हाई, बाई." आमच्या डोंगरात अंग बारीक तापलं तर ती कसर, अंथरूण धरलं तरच तो ताप, हे डोंगराबाहेरच्या, पेठच्या तुला सुचलं. त्याच डोंगरातल्या तळेघरचा मी शेजारी ठोंब्यासारखा उभा!

तुला झडपेचाच संशय आला, आणि त्याच दुपारी तू सर्जन बाळासाहेबांना, जंतू दातांतून शिरतात म्हणून दातांच्या डॉक्टरांना आणि मला ओढत त्यांच्या खाटेशी आणलंस. म्हणालीस, यापुढे ज्याने त्याने चिठ्ठ्या पाठवायच्या नाहीत, इथे समोरासमोर भांडायचं. रक्ताचे नमुने घेतल्याशिवाय औषधाचा थेंब द्यायचा नाही. बाळासाहेब किती कुरकुरले! पण साळुबाई चालत घरी गेल्या, आणि नंतर तेच सगळ्यांच्या आधी येऊन उभे राहू लागले. काय दिवस होते ते, राव!

तू नाशिकला गेलीस तेव्हा वाटलं, हे खाटेशी जमणं आता मोडणार. मोडलं नाही. फक्त "गोरख, चुकतोयस" असं तोंडावर म्हणणारं कुणी उरलं नाही. तुझी आठवण येते, वॉर्डात आणि घरीसुद्धा.

आता बाळासाहेब म्हणतात, लगेच ऑपरेशन. श्रेया म्हणते, या वयात नको, औषधाला अजून वेळ देऊ. मला दोघांचंही पटतं, म्हणजे मी डॉक्टर राहिलोच नाही. आई मात्र निवांत. "पेठची ती पोरगी काय म्हंती?" एवढंच विचारते. शुक्रवारी सगळे तिच्या खाटेशी जमतील. प्रतिभा, तू ये. माझ्या जागी तू उभी राहा. मी बाहेर बाकावर बसेन, पेशंटांची मुलं बसतात तसा. जे ठरेल ते बाहेर येऊन तूच सांग.

वाट बघणारा, तुझाच
गोरख