बोला ताई

आबा, काल दुपारी तुमच्या नातीचा जळगावहून फोन आला. तीच ही, मांडीवर घेतलं की तुमच्या चष्म्याची दांडी ओढणारी. आता वीस पूर्ण झाली, कॉलेजला आहे, हॉस्टेलवर राहते. "आई, एक विचारायचंय, पण आधी ओरडू नकोस," म्हणाली आणि एका दमात सांगून मोकळी झाली. मित्र आहे, मला माहीत असलेलाच. परवा संध्याकाळी दोघं एकत्र होते, काही वापरलं नव्हतं. आता दिवस राहतील का? गोळी असते म्हणतात, ती घेतली तर पुढे मूल व्हायला अडचण येते का? मेडिकलवाला काही विचारेल का? मी धुळ्याच्या माझ्या स्वयंपाकघरात, हात कणकेनं बरबटलेले, फोन खांद्यात धरलेला. माझा राग तुम्हाला माहीत आहे, दुधासारखा उतू जातो. जिभेवर आलेलं सगळं तिला ऐकवणार होते, तेवढ्यात तुमचं औषधांचं दुकान डोळ्यांपुढे आलं.

एकोणीस-वीस वर्षांपूर्वीची अक्षय्य तृतीया. अखाजीला मी माहेरी आलेय, चोपड्याला. ही आठ महिन्यांची आहे, वरणभात खायला लागलीय. हिच्या वेळी माझं सिझेरियन झालेलं, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलेलं की टाके नीट भरून येईपर्यंत दुसरं मूल नको, जिवावर बेतेल. हे मला न्यायला सणालाच आले. जावई म्हणून मागची खोली आम्हाला दिली आणि व्हायचं ते झालं. सकाळी मी घाबरून आईजवळ विषय काढला. ती पुरण वाटता वाटता म्हणाली, "पोर आंगवर पेस ना, मंग काही नई व्हस." पाजतोय तोवर दिवस राहत नाहीत, आपल्याकडच्या साऱ्या मावश्या-काकवांनी याच भरवशावर संसार केले. त्यातल्या निम्म्या जणींची मुलं पाठोपाठची होती, पण ते कुणी बोलत नव्हतं.

मग मी ह्यांना पिटाळलं. आबांच्या दुकानात नको, बाजारातल्या दुसऱ्या कुठल्याही मेडिकलमधून गोळी आणा म्हटलं. पण सणाचा जावई आपल्या गावात लपतो थोडाच! दुकानदारानं ओळखलं, आत बोलावून खुर्ची दिली, उसाचा रस मागवला, तुमची ख्यालीखुशाली विचारली. आणि "काय देऊ जावईबापू?" म्हटल्यावर ह्यांच्या तोंडून निघालं, "बाम." हसावं की रडावं कळेना. बामची बाटली उशाशी ठेवून मी पदर खोचला आणि भर उन्हात तुमच्या दुकानाची वाट धरली. तुम्ही चिडाल याची भीती नव्हती वाटत. तुमच्यासमोर तो विषय तोंडातून काढायचा, याचीच वाटत होती.

दुपारचा बाजार सुस्तावलेला. दुकानात तुम्ही एकटेच. घरी तुम्ही आमच्याशी अहिराणीत बोलायचात, पण काउंटरमागे गेलात की तुमची भाषाच बदलायची आणि समोरची प्रत्येक बाई, म्हातारी असो की कोवळी, तुमची ताई व्हायची. मी खालमानेनं म्हटलं, "आबा, ती गोळी हवी होती. नंतर घेतात ती." तुम्ही फळीकडे वळलात आणि पाठमोरेच म्हणालात, "बोला ताई. किती वेळ झाला?"

मी काल रात्रीचं म्हटलं. "बाळंतपणानंतर पाळी आली?" नाही. "बाळ वरचं खातं?" आबा, सकाळी तुम्हीच तिला मांडीवर घेऊन वरणभात भरवला होता, तरी विचारलंत. खातं म्हटलं. "मग पाजण्यावर विसंबू नका. तीन दिवसांपर्यंत चालते, पण जितकी लवकर घ्याल तितकी बरी. दोन-तीन तासांत उलटी झाली तर परत या. बाळाला पाजायला हरकत नाही. तीन आठवड्यांनी तपासणी करून घ्या, शंभर टक्के खात्री कुणी देत नाही. आणि ताई, ही अडीनडीची आहे. नेहमीसाठी काय वापरायचं ते डॉक्टरीणबाईंना विचारा." सवयीनं तुम्ही गोळी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलीत, मग स्वतःच तो कागद सोडलात आणि आपला पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवलात. मी तिथंच उभ्यानं गोळी घेतली. तेव्हा कुठे तुमची घरची भाषा परत आली, "जाय माय, घर जाय. पोर रडत व्हई." रात्री जेवताना ह्यांच्या पानात आमरस वाढत म्हणालात, "जावईबापू, बाम आपल्याही दुकानात मिळतो बरं." ह्यांना असा ठसका लागला की आई पाणी घेऊन धावली.

नंतर तो विषय तुम्ही कधी काढला नाहीत, मीही नाही. तीन आठवडे मात्र जीव टांगणीला होता. तपासणीत काही निघालं नाही आणि मी देवघरापुढे बसून पोटभर रडले.

तर काल फोनवर माझ्या तोंडून निघालं, "बोला ताई, किती वेळ झाला?" पोर गोंधळली. "आई, ताई काय?" मी सांगत गेले. आत्ताच्या आत्ता जा, गोळी घे. पुढे मूल व्हायला त्या गोळीनं अडचण येत नाही. पाळी मागेपुढे होईल, आठवडाभर लांबली तर तपासून घे. आणि तुम्ही न विचारलेलं एक विचारलं, "तुझ्या मनाविरुद्ध काही झालं नाही ना?" "नाही गं आई," म्हणाली आणि रडू लागली. तासाभरानं तिचा निरोप आला, घेतली म्हणून. आता तिच्याइतकीच मीही पाळीची वाट बघतेय.

तुम्ही गेलात, तुमच्या दुकानावर आता मोबाइलवाल्याची पाटी आहे. हा लिहिलेला कागद माझ्याकडेच राहील. आपल्याला जमलं म्हणून काल रात्री जरा फुशारले होते. पण खरं सांगते आबा, बोलत होते तेवढा वेळ मी फ्रिजच्या दाराकडे बघत होते, आणि कान नुसते तापले होते. माझी पोर तिकडे जळगावला होती म्हणून निभलं. तुमची तर हातभर अंतरावर उभी होती.